मुलांचे लाल गाल आणि मेडिकलमधली ट्यूब

मागच्या अंकात आम्ही जंतांच्या गोळ्यांविषयी लिहिले होते. त्यानंतर पालकभेटीच्या दिवशी दोन-तीन आयांनी आम्हाला गाठून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. मुलाचे गाल सारखे लाल होतात. ऊन लागले की लाल, गरम चहा प्यायला की लाल, रडला की लाल. वर बारीक पुटकुळ्या येतात. काय लावावे? एकीने तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा शब्दच पुढे केला. ‘रोझेशिया’. “हे काय असतं मॅडम? लहान मुलांना होतं का?”

होते, पण क्वचित. आपल्या बीड जिल्ह्यात मुलांच्या चेहऱ्यावर जी लाली आम्हाला दिसते, तिच्यामागे पुष्कळदा दुसरेच कारण निघते. ते कारण घरातल्या कपाटात, आरशामागे किंवा फ्रीजच्या दारात ठेवलेले असते. म्हणून ‘काय लावावे’ हे विचारण्याआधी घरातल्या सगळ्यांना एक प्रश्न विचारावा लागतो: या चेहऱ्याला आतापर्यंत काय काय लावले?

रोझेशिया म्हणजे काय?

रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग, एवढ्या जागेतल्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुगतात. सुरुवातीला लाली येते आणि जाते. पुढे ती मुक्काम ठोकते. कातडीवर बारीक लाल रेषांचे जाळे दिसू लागते, लाल पुटकुळ्या येतात, काहींत पू भरतो. चेहरा तापल्यासारखा वाटतो, आग होते, साबण लागला की झोंबतो. मुरुमांत छिद्रे बुजून काळे-पांढरे कण दिसतात, तसे कण यात नसतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एक टॉवेल वापरल्याने तो दुसऱ्याला लागत नाही. हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगावे, कारण पाहुण्यांसमोर त्या लेकराला बाजूला बसवण्याचा अन्याय नकळत होतो.

मोठ्यांत हा आजार साधारण तिशीनंतर दिसतो. मुलांत तो कमी, आणि ज्या घरात आई, वडील, आजी यांपैकी कुणाला आहे तिथे जास्त. पूर्वी हा गोऱ्या लोकांचा आजार समजला जाई. तो सावळ्या कातडीतही होतो, फक्त दिसत नाही. सावळ्या चेहऱ्यावर लाली तांबूस न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि घरचे म्हणतात, “उन्हाने रापलाय.” म्हणून आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत नुसते पाहून भागत नाही, त्यांना विचारावे लागते. गाल जळतात का? पाणी लागले की झोंबते का? हाताची मागची बाजू गालाला लावून पाहावी. गाल बाकी अंगापेक्षा गरम लागतो का, हे कळते.

लाल दिसणारा प्रत्येक चेहरा रोझेशियाचा नसतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी या हकीमांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांच्या लक्षणांवरून वेगळे करून मांडले. दिसायला सारखे पुरळ, पण रोग वेगळे. हा धडा आजही उपयोगी आहे. खेळून आलेल्या मुलाचे गाल लाल होतात आणि अर्ध्या तासात निवळतात, तो आजारच नाही. एखाद्या दिवशी अचानक दोन्ही गाल चापट मारल्यासारखे लालभडक झाले, अंगावर जाळीदार पुरळ उठले, तर तो एक विषाणू असतो. तो बहुधा आपोआप बरा होतो, मात्र घरात किंवा शाळेत कुणी गर्भवती असेल तर तिने डॉक्टरांना विचारावे. खरखरीत, खाजणारे, कोरडे गाल बहुधा इसबाचे. कडेने उंच आणि मध्ये निवळलेले गोल चट्टे नायट्याचे. आणि नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखरासारखी पसरलेली लाली, सोबत ताप, सांधेदुखी, तोंडात व्रण, फार थकवा असेल तर वेळ घालवू नये. ते ल्युपस नावाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्याचा परिणाम मूत्रपिंडावर होतो.

आधी डोळ्यांकडे पाहा

मुलांच्या रोझेशियात एक गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी असते. कित्येक मुलांत गाल लाल होण्याच्या आधी डोळे बोलतात. पापणीला पुन्हा पुन्हा रांजणवाडी येते. एक बरी झाली की दुसरी. पापण्यांच्या कडा लालसर आणि कोंडा धरल्यासारख्या दिसतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. प्रत्येक वेळी ‘डोळे आले’ म्हणून थेंब घातले जातात. चार दिवस बरे वाटते, महिन्याने पुन्हा तेच.

वर्गात आम्ही हे असे ओळखतो: मूल खिडकीकडे पाठ करून बसते, फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करते, लिहिताना सारखे डोळे चोळते. नंबर लागला असेल म्हणून चष्म्याच्या दुकानात पाठवले जाते. तो तपास करावाच, पण रांजणवाडी वर्षातून तीन-चार वेळा येत असेल आणि गालही लाल होत असतील, तर नेत्रतज्ज्ञांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. एकाला डोळा दाखवला, दुसऱ्याला गाल दाखवला, तर दोघांनाही अर्धीच हकीकत कळते. दुर्लक्ष झाले तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर व्रण पडू शकतो आणि नजर कायमची अधू होऊ शकते.

इथे दोन सूचना. पहिली: लाल डोळ्यांत मेडिकलमधून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली एका दिवसात जाते, पण चिठ्ठीशिवाय ते महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू लहान वयातही होऊ शकतो. दुसरी सूचना सुरम्याविषयी. आपल्या घरांत लेकराच्या डोळ्यांत सुरमा घालण्याची रीत आहे आणि तिच्यामागे माया आहे. पण बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांच्या तपासणीत शिसे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. सुजलेल्या, लाल डोळ्यांत तर काहीही घालू नये. घरी करण्याजोगा उपाय साधा आहे. स्वच्छ कपडा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-सात मिनिटे धरावा आणि मग पापण्यांच्या कडा हलक्या हाताने पुसाव्यात. रोज दोन वेळा.

आपल्याकडचे खरे दुखणे

आता कपाटातल्या ट्यूबकडे येऊ. आमच्या शाळेतल्या सहावीच्या एका मुलीचे गाल आणि तोंडाभोवतीची कातडी लाल झाली होती, पुटकुळ्या होत्या, ओठांवर बारीक लव वाढली होती. तिची अम्मी म्हणाली, “मॅडम, क्रीम लावली की एकदम शांत. दोन दिवस बंद केली की चेहरा असा जळतो की लेकरू रात्रभर झोपत नाही. मग परत लावावीच लागते.” क्रीम कुठली, असे विचारले तेव्हा कळले की मोठ्या बहिणीच्या लग्नाआधी रंग उजळावा म्हणून ती घरात आली होती. बहिणीचे लग्न झाले, ट्यूब घरात राहिली. धाकटीच्या गालावर पांढरट डाग दिसला तेव्हा तीच लावली गेली. संपली की मेडिकलमधून नवी. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

त्या अम्मीच्या एका वाक्यात सगळा आजार आहे: लावली की शांत, बंद केली की जळते. त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून लाली झटक्यात जाते आणि कातडी उजळ दिसते. आठवडे, महिने लावत राहिले की कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, ऊन सहन होत नाही. औषध थांबले की आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुगतात आणि चेहरा पेटतो. घरच्यांना वाटते, क्रीम चांगली होती, बंद केली म्हणून त्रास झाला. मग पुन्हा तीच ट्यूब. हुबेहूब रोझेशियासारखा दिसणारा हा चेहरा औषधाने घडवलेला असतो. मुलांत तो अनेकदा तोंड, नाक आणि डोळे यांच्या भोवती बारीक पुटकुळ्यांच्या रूपात दिसतो.

लहान मुलांची कातडी पातळ असते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे क्रीममधले औषध रक्तात जास्त जाते. तान्ह्या बाळाच्या जांघेत किंवा अंगभर तीव्र स्टेरॉइड बरेच दिवस चोळले, तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार होणे मंदावू शकते, चेहरा गोल सुजल्यासारखा होतो, वाढ खुंटू शकते.

हा प्रकार एका गावापुरता नाही. देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांत केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइडची क्रीम लावत होते. त्यांतले २९ टक्के लोक गोरेपणासाठी किंवा रोजची साधी क्रीम समजून लावत होते. आणि दहापैकी सहा जणांना ती डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती. शेजारीण, नातेवाईक, पार्लर, दुकानदार, असा तिचा प्रवास होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या विषयाचा पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांच्या क्रीम ‘शेड्यूल एच’ या यादीत घातल्या. याचा अर्थ, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. कायदा कागदावर आहे. तो पाळला जातो की नाही हे आपल्या गावच्या दुकानात आपणच पाहायचे आहे.

पांढरे डाग आणि नायटा

ट्यूब चेहऱ्यापर्यंत पोचण्याच्या दोन वाटा आम्हाला नेहमी दिसतात. पहिली वाट पांढरट डागांची. थंडी सरताना आणि उन्हाळा लागताना मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खरखरीत, अस्पष्ट कडेचे डाग उठतात. घरात म्हणतात, जंत झाले, कॅल्शियम कमी पडले. बहुतेक वेळा ही कोरड्या कातडीची साधी तक्रार असते. उन्हाने बाजूची कातडी रापते आणि डाग उठून दिसतात. आंघोळीनंतर व्हॅसलीन किंवा खोबरेल लावणे, उन्हापासून जपणे आणि काही महिने धीर धरणे, एवढेच त्याला लागते. मात्र डागावर स्पर्श कळत नसेल, केस गळले असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते, उपचारही मोफत असतात, आणि रोग पूर्ण बरा होतो.

दुसरी वाट नायट्याची. गजकर्णावर म्हणून जी ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब दिली जाते, तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आतून पसरते. नायट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते, मग डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या घरात तो अब्बूंकडून लेकरांकडे आणि लेकरांकडून आजीकडे जातो. अशा घरात सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हावे लागतात.

नावाची शेपटी वाचा

आम्ही भाषा शिकवणारे लोक. उर्दूत आणि मराठीत शब्दाच्या शेवटावरून बरेच काही कळते, तसे इथेही कळते. ट्यूबवर मोठ्या अक्षरांत छापलेले नाव कंपनीचे असते, ते सोडून द्यावे. खाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. त्याची शेपटी पाहावी. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, बेक्लोमेथासोन यांची शेपटी ‘सोन’. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल यांची ‘सोल’. फ्लुओसिनोलोनची ‘लोन’. ही सगळी स्टेरॉइडे आहेत. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल यांची शेपटी ‘झोल’ आहे, ती बुरशीची औषधे. मेट्रोनिडाझोलही झोलच, आणि ते तर खऱ्या रोझेशियावरचे औषध आहे. बोलीत झोल म्हणजे गडबड, पण ट्यूबवर गडबड बहुधा ‘सोन’ आणि ‘सोल’ करतात.

गोरेपणाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूबांत तीन नावे एकत्र सापडतील: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सोबत मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. हे मिश्रण मोठ्यांच्या वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीत, थोड्या दिवसांसाठी असते. मुलांच्या गालासाठी ते नाही.

ही अक्षरे इंग्रजीत असतात. आजी-अम्मीला वाचता येत नसतील तर सहावी-सातवीतले मूल सहज वाचते. घरातल्या सगळ्या ट्यूबा एका ताटात काढाव्यात आणि मुलाकडून नावे वाचून घ्यावीत. अभ्यासही होतो आणि तपासही. ज्या डबीवर औषधाचे नावच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तारीख नाही, ती डबी घरात ठेवू नये. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी मायलेकींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा चेहऱ्याला लावायच्या क्रीमपर्यंत पोचला. तिच्यात पारा होता. कायद्याने अशा क्रीममध्ये अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ‘जडीबुटीची आहे, साइड इफेक्ट नाही’ हे तोंडी आश्वासन म्हणजे तपासणी नव्हे.

मग करायचे काय?

हे वाचून कुणी आजच ट्यूब उकिरड्यावर फेकून मोकळे होऊ नये. बरेच महिने लावलेली क्रीम एकाएकी थांबवली की चेहरा काही दिवसांत भडकतो. तो भडका आठवडे, कधी महिनेही टिकतो. मूल रडते आणि घरचे घाबरून पुन्हा ट्यूब आणतात. म्हणून ट्यूब, तिचा खोका आणि मिळाल्यास जुनी चिठ्ठी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते परिस्थिती पाहून कधी सौम्य औषधावर आणत टप्प्याटप्प्याने थांबवतात, कधी लगेच थांबवून बिनस्टेरॉइडचे औषध देतात. घरच्यांनी मनाची तयारी ठेवायची की आधी वाढेल, मग उतरेल. ही गोष्ट मुलालाही आधीच सांगावी. कारण कळले की लेकरू पुष्कळ सोसते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. स्टेरॉइड हे विष नाही. इसबावर, ॲलर्जीवर, दम्यावर ते योग्य प्रमाणात, ठरलेले दिवस दिले तर मोठा आधार आहे. दम्याचा पंप किंवा मास्कमधून घ्यायचे औषध बंद करू नये. मास्क काढल्यावर चेहरा धुवावा आणि चूळ भरावी, एवढेच. पोटात घ्यायच्या स्टेरॉइड गोळ्या तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय एका दिवसासाठीही थांबवू नयेत.

खरा रोझेशिया निघाला तर त्याचे उपचार आहेत. मेट्रोनिडाझोलचे मलम लावायला देतात. जास्त असेल तर पोटातून प्रतिजैविक देतात. आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन गटाची औषधे सहसा देत नाहीत, कारण त्यांनी पक्क्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. त्यांच्यासाठी दुसरी औषधे आहेत. म्हणून थोरल्या भावाच्या गोळ्या धाकट्याला देऊ नयेत. गुण यायला आठवडे लागतात. मोठी मुले रोजे ठेवत असतील तर औषधाच्या वेळा सहर आणि इफ्तारला बसतात का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

घरी काय जपावे? आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ऊन आणि उष्णता हेच पहिले शत्रू. दुपारी बाहेर जाणे टाळावे, रुंद कडेची टोपी किंवा पातळ सुती ओढणी वापरावी. नायलॉनचा घट्ट स्कार्फ घाम आणि उष्णता धरून ठेवतो. चहा, सूप, रस्सा वाफाळता न देता कोमट करून द्यावा. तिखटाने गाल पेटतात असे दिसले तर त्या मुलापुरते तिखट कमी करावे. सरसकट सगळे बंद करू नये. चुलीसमोर भाकरीला या मुलीला बसवू नये. वुजूने चेहऱ्याला काही होत नाही. साधे पाणी चांगलेच. त्रास होतो तो नंतर टॉवेलने घासल्याने. पाणी टिपून घ्यावे. मलम वुजूनंतर लावले म्हणजे मनात शंका राहत नाही. लिंबू, टूथपेस्ट, बेसनाचे घासणे, पार्लरचे ब्लीच, सुगंधी पावडर, हे सगळे या चेहऱ्यापासून दूर ठेवावे. ईदच्या आदल्या रात्री हातावर मेंदी खुशाल काढावी, चेहऱ्यावर प्रयोग करू नयेत.

शाळेतल्या आमच्या भाऊबंदांनाही सांगणे आहे. परिपाठाला असे मूल सावलीत उभे राहिले तर शिस्त मोडत नाही. बाटलीभर पाणी त्याच्या बाकावर राहू द्यावे. आणि ‘टमाटा’, ‘लालतोंड्या’ ही नावे पहिल्याच दिवशी बंद करावीत. या आजारात लाजेने, रडण्याने, भीतीने लाली वाढते. चिडवणाऱ्या वर्गात औषधाचा गुण कमी पडतो.

दाखवायचे कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत कातडीचे विकारही येतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवावे आणि ट्यूबचा खोका दप्तरात द्यावा. पुढच्या उपचारांसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि नेत्ररोग दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. डोळे आणि गाल दोन्हींची तक्रार असलेल्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरांची अडचण वेगळी असते. कोपीत आरसा नसतो, दवाखाना लांब असतो, आणि नाक्यावरच्या दुकानातून दहा-वीस रुपयांची ट्यूब येते. अशा घरांसाठी सरकारची ‘ई-संजीवनी’ ही फोनवरून डॉक्टरांशी मोफत बोलण्याची सेवा आहे. तिचा आधार घ्यावा.

रंगाचा सौदा

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही ट्यूब घरात येते ती बहुतेक वेळा मुलीच्या रंगासाठी. शव्वाल लागला, निकाहांचा हंगाम सुरू झाला की बघायला आलेले लोक बोलता बोलता ‘रंग जरा दबका आहे’ म्हणून जातात. ते वाक्य दाराआड उभी असलेली धाकटीही ऐकते. तिला अजून दहावे वर्ष लागलेले नसते, पण आपल्या चेहऱ्यात काही कमी आहे हे तिने त्या दिवशी शिकून घेतलेले असते. पुढे ती चोरून ट्यूब लावते. आम्ही वर्गात हजार वेळा सांगितले तरी त्या एका वाक्याची बरोबरी होत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हज्जतुल विदाच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व तकव्याचे आहे, ही शिकवण दिली. मक्का फतह झाली तेव्हा काबागृहावरून अजान देण्याचा मान हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला, आणि त्यांचा रंग काळा होता. हे आपण दरवर्षी बयानांत ऐकतो. मग मुलगी पाहायला जाताना ते दाराबाहेर चपलांसोबत का ठेवतो? प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज ठेवला आहे, हीदेखील आपल्या दीनची शिकवण आहे, आणि वैद्यकी न शिकता कुणी इलाज केला तर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्याची, हेही हदीसमधून आपल्याला शिकवले गेले आहे. सावळा रंग आजार नाही, म्हणून त्याला इलाज नाही आणि नको. लाल, जळणारा गाल मात्र आजार आहे, आणि त्याचा इलाज जाणकाराच्या हातून व्हावा.

या महिन्यात एका संध्याकाळी, मगरिबनंतर, घरातल्या सगळ्या ट्यूबा ताटात काढा. लेकरांकडून शेपट्या वाचून घ्या. ‘सोन’ किंवा ‘सोल’ निघाले आणि चिठ्ठी नसेल, तर ती ट्यूब वेगळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. अल्लाह आपल्या लेकरांचे चेहरे आणि डोळे सलामत ठेवो. आमीन.